भात्याच्या कॅमेऱ्याची काच बदलताना : प्रकाश आणि मोजमाप (इयत्ता ६ वी व ७ वी)



प्रकाशाच्या पाठात 'वास्तव प्रतिमा पडद्यावर घेता येते' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण पडदा थोडा पुढेमागे झाला तर काय बिघडतं, हे मुलांच्या हाताला कळत नाही. त्यासाठी जुन्या फोटो स्टुडिओतला लाकडी, भात्याचा कॅमेरा फार उपयोगी पडतो. आमच्या शाळेला असाच एक हाफ प्लेट कॅमेरा (सुमारे १२ × १६.५ सेंमी) मिळाला. भाता शाबूत, लेन्स ठीक, पण मागची काच फुटलेली. ती बदलणं हाच आमचा पाठ झाला.

आधी ही काच करते काय ते बघू. फोटोग्राफर डोक्यावर काळं कापड घेऊन मागून जिच्यात बघायचा, ती ही काच. एका बाजूने घासून खरखरीत केलेली. लेन्समधून आलेली उलटी प्रतिमा त्या खरखरीत पृष्ठावर उमटते. प्रतिमा स्पष्ट झाली की काचेऐवजी प्लेट किंवा फिल्म असलेला होल्डर बसवायचा आणि फोटो घ्यायचा. म्हणजे काच ही फिल्मची बदली शिक्षिकाच! तिने नेमकं फिल्मच्या जागीच बसायला हवं. त्यात फरक पडला तर काचेवर सगळं सुंदर दिसतं आणि फोटो मात्र धूसर येतो.

म्हणूनच खरखरीत बाजू नेहमी लेन्सकडे. हे लक्षात ठेवायला लावण्यापेक्षा मुलांना गणित करू द्या. समजा काच २ मिमी जाड आहे आणि उलटी बसली. आता खरखरीत पृष्ठ २ मिमी मागे गेलं. पण मधल्या काचेतून जाताना प्रकाशाचं अपवर्तन होतं, त्यामुळे चूक पूर्ण २ मिमीची होत नाही. काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणून २ ÷ १.५, म्हणजे सुमारे १.३ मिमी. सातवीच्या मुलांना अपवर्तनांक समजावत बसू नका, भागाकार पुरे आहे. बाजू बरोबर असेल तर काच २ मिमीची की ३ मिमीची, याने फोकसला काही फरक पडत नाही, हे मुलांना स्वतःहून सुचतं. सुचेपर्यंत थांबा.

काच घासण्याचं काम मोठ्यांनी करायचं, मुलांनी बघायचं. काचवाल्याकडून २ मिमीची साधी काच कापून घ्या. चौकटीपेक्षा थोडी लहान, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. चारही कोपरे तिरके छाटून घ्या. भाता दाबला की आतली हवा त्या फटींतून बाहेर जाते. कडा ओल्या पॉलिश पेपरने बोथट करा. मग काच सपाट जागी ओल्या कागदावर ठेवून वर ४०० नंबरची कार्बोरंडम पावडर चिमूटभर टाका, थोडं पाणी घाला आणि तळहाताएवढ्या दुसऱ्या काचेने गोल गोल घासा. त्या काचेच्या कडाही बोथट हव्यात. हातमोजे घाला. पावडर कोरडी घासू नका, ती धूळ छातीत जाते. शेवटी ६०० नंबरची पावडर वापरली की पृष्ठ आणखी बारीक होतं. मधून मधून काच धुऊन पूर्ण वाळवून बघा. ओली असताना ती साध्या काचेसारखी पारदर्शक दिसते, कारण पाणी सगळे खड्डे भरून टाकतं. मुलांना हे फार आवडतं!

आता खरं काम, मोजमाप. होल्डरमध्ये जुनी प्लेट घालून तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्निअर कॅलिपरच्या मागच्या दांडीने पट्टीपासून प्लेटपर्यंतची खोली मोजा. पट्टीची जाडी वजा करायला विसरू नका. तशीच खोली काचेच्या चौकटीत, कॅमेऱ्याला टेकणाऱ्या बाजूपासून खरखरीत पृष्ठापर्यंत मोजा. चार कोपऱ्यांवर चार मापं घ्या. ४ × ५ इंची फिल्मच्या होल्डरची खोली प्रमाणित असते, सुमारे ५ मिमी. जुन्या लाकडी कॅमेऱ्यांचं तसं नाही, आपलं आपण मोजायचं. काही कॅमेऱ्यांत काचेसोबत प्लॅस्टिकची बारीक गोल रेघांची पट्टीही असते. ती फ्रेनेल लेन्स, दीपगृहातल्या भिंगाचीच भावंडं. ग्राफ्लेक्सच्या काही कॅमेऱ्यांत ती काचेच्या पुढे, लेन्सच्या बाजूला असते. ती काढून नुसती काच बसवली तर फोकस सरकतो.

शेवटी परीक्षा. टेबलावर पाच काड्यापेट्या तिरक्या रांगेत मांडा, मधलीवर फोकस करा आणि अपर्चर पूर्ण उघडं ठेवून फोटो घ्या. फिल्म महाग वाटत असेल तर होल्डरमध्ये ब्रोमाइड पेपर चालतो, त्यावर निगेटिव्ह मिळते. अपर्चर लहान करू नका. एफ-२२ ला मिलिमीटरभराची चूक झाकली जाते आणि आपण खूश होऊन बसतो. फोटोत मागची काडेपेटी ठळक आली, तर काच लेन्सपासून जास्त लांब आहे किंवा उलटी बसली आहे. पुढची ठळक आली, तर काच जास्त जवळ आहे. मग चौकट आणि काच यांच्यामध्ये चारही बाजूंनी कागदाच्या सारख्या पट्ट्या घाला. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तेव्हा किती पट्ट्या लागतील ते मुलांनाच काढू द्या आणि पुन्हा फोटो घ्या.