इतिहासाच्या बाई अ‍ॅझ्टेकांच्या देवळांत

इतिहासाच्या तासास विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो: ‘आपण त्या काळीं असतों, तर हें होऊं दिलें असतें काय?’ पुस्तकांतील अन्याय वाचून ज्याच्या मनांत हा प्रश्न उठत नाहीं, त्याचें वाचन व्यर्थ होय असें आम्ही समजतों. ह्याच प्रश्नावर रचलेलें एक नाटक इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर १९६४ सालीं झालें. त्याची हकीकत आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बी. बी. सी. ह्या संस्थेनें २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली. डॉक्टर हा एक विक्षिप्त वृद्ध. त्याच्या कालयंत्रांत बसून वाटेल त्या काळांत जातां येतें. मात्र आपण कोठें उतरूं ह्याचा भरंवसा त्याचा त्यालाच नसतो. सोबत त्याची नात सुझन आणि तिच्या शाळेंतील दोन शिक्षक, शास्त्राचे इयन चेस्टर्टन व इतिहासाच्या बार्बरा राइट. ही निवड हेतुपूर्वक होती. पुढील काळांतल्या कथांतून शास्त्र आणि मागील काळांतल्या कथांतून इतिहास मुलांच्या कानीं पडावा, अशी योजना होती. (पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे लखनौस जन्मलेले, ही गोष्ट आपल्याकडे थोड्यांसच ठाऊक असेल.)

‘दि अ‍ॅझ्टेक्स’ ही चार भागांची कथा जॉन लुकारोटी यांनीं लिहिली. ती २३ मे ते १३ जून १९६४ ह्या काळांत दाखविली गेली. हींत परग्रहावरील राक्षस नाहींत. कालयंत्र वगळलें तर सारा खेळ माणसांचाच. यंत्र उतरतें तें एका थडग्यांत. आंतील सर्पाकृति कंकण बार्बराबाई सहज हातांत घालतात, बाहेर येतात, आणि येटाक्सा नामक दिवंगत महापुजाऱ्याचा अवतार म्हणून लोक त्यांना वंदन करूं लागतात. मागें थडग्याचें दार मिटतें व तें बाहेरून उघडत नाहीं. यंत्र आंत, माणसें बाहेर.

येथें मूळ इतिहास थोडा सांगितला पाहिजे. अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान ही तेश्कोको सरोवरांतील बेटावर वसली होती. उथळ पाण्यांत गाळाचे थर रचून त्यांनीं मळे केले होते. जमिनीशीं जोडणारे बांधाचे रस्ते होते, आणि चापुल्तेपेकच्या झऱ्यांचें पाणी पाटानें शहरांत येत असे. कुलीनांच्या मुलांस एक व सामान्यांच्या मुलांस दुसरी, अशा शाळाहि होत्या. कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. आपल्या स्वयंपाकघरांतील टोमॅटो हा शब्ददेखील मूळचा त्यांच्या नावात्ल भाषेंतला आहे. आणि ह्याच शहरांत, देवळाच्या उंच पायऱ्यांवर, माणसांचीं हृदयें काढून देवांस वाहिलीं जात. देवांनीं आत्माहुति दिली म्हणून सूर्य चालूं लागला. त्याला चालता ठेवण्याचें ऋण माणसांवर आहे, अशी त्यांची दृढ समजूत होती.

बार्बराबाईंस हें सर्व पाठ आहे, आणि स्पॅनिश लोक येऊन ह्या संस्कृतीचें बऱ्यावाईटासकट निर्मूलन करणार हेंहि ठाऊक आहे. त्यांच्या मनांत येतें कीं, नरबलि आधींच बंद पाडला तर उरलेलें चांगलें तेवढें वांचेल. डॉक्टर संतापून बजावतो कीं इतिहासाचें अक्षरहि बदलतां येणार नाहीं. बाई ऐकत नाहींत. पावसासाठीं एकाचा बळी द्यावयाचा असतो. त्या ऐन वेळीं ‘थांबा’ अशी आज्ञा करतात.

ह्यानंतरचा प्रसंग आम्हांस साऱ्या कथेंत मोलाचा वाटतो. ज्याचे प्राण वांचले तो आभार मानीत नाहीं. आपला सन्मान हिरावला गेला, ह्या दुःखानें तो मनुष्य स्वतःच देवळावरून उडी टाकतो. आणि लगेच पाऊस पडतो! बळीचा महापुजारी त्लोतोक्सल ह्यास आणखी काय पाहिजे? मृत्यूनें पाऊस आणला, असें तो लोकांस सांगतो, आणि ही स्त्री खोटी देवता आहे हें सिद्ध करण्याच्या मागें लागतो.

बाईंचा हेतु शुद्ध होता, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्याच्यासाठीं आज्ञा केली त्याच्या मनांत काय आहे, हें त्यांनीं विचारलें नाहीं. शिवाय आज्ञेचा अधिकार कोठला? ज्या समजुती मोडावयाच्या, त्यांच्याच जोरावर त्यांना देवपण मिळालेलें! तें देवपण आणि त्या समजुती एकाच मुळाच्या. एक तोडून दुसरें राखतां येत नव्हतें. डॉक्टरचें म्हणणें मात्र आम्हांस सर्वस्वीं पटत नाहीं. मनुष्यें मरत असतां स्वस्थ बसा, हा उपदेश त्या बाईंनीं मानला असता तर त्या आमच्या मनांतून उतरल्या असत्या.

एका मनुष्यावर मात्र त्यांचा परिणाम होतो. ज्ञानाचा महापुजारी ऑटलॉक त्यांच्याशीं बोलून, विचार करून, बळीच्या प्रथेविषयीं साशंक होतो. शेवटीं तो सर्व सोडून एकटाच अरण्यांत निघून जातो. त्यानंतर सूर्यग्रहणाच्या दिवशीं ठरलेला बळी पडतोच. आपण त्या सज्जनाची श्रद्धाच तेवढी हिरावली, असें बाईंस वाटतें. त्याला अधिक चांगली श्रद्धा लाभली, असें डॉक्टर त्यांचें समाधान करतो. कोणाचें खरें, ह्यावर वर्गांत वाद घालण्यास हरकत नाहीं.

प्रत्यक्षांत काय झालें? १५१९ सालीं हेर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यास लागला, १५२० सालीं देवीची सांथ आली, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजीं राजधानी पडली. देवळांतील बळी थांबले, आणि त्यांबरोबर देवळें, शाळा व बहुतेक चित्रपोथ्याहि गेल्या. विजेच्या कामगारांस १९७८ सालीं मेक्सिको शहरांत खणतां खणतां चंद्रदेवतेची प्रचंड शिळा लागली, तेव्हां त्या मुख्य देवळाचें मोठें उत्खनन सुरू झालें.

कथेचा शेवट असा. डॉक्टरनें कॅमेका नांवाच्या एका शहाण्या प्रौढ स्त्रीस प्रेमानें कोको करून पाजलेला असतो. तेथील रीतीप्रमाणें ती लग्नाची मागणी ठरते, हें त्या बिचाऱ्यास मागाहून कळतें! थडग्याचें दार तो लांकडी चाकाची कप्पी करून उघडतो. (चाकें लावलेलीं मातीचीं खेळणीं मेक्सिकोंत सांपडलीं आहेत, गाडी मात्र तेथें कोणीं केली नव्हती.) निघतांना कॅमेकेनें दिलेला अलंकार तो थडग्यावर ठेवतो आणि यंत्राकडे वळतो. मग थबकतो, मागें येतो, आणि तो उचलून घेऊन जातो.