झाडावरची नोटीस



अनुवाद 20:19 वाचा. शहराला कितीही दिवस वेढा घातला तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, अशी आज्ञा आहे. (फळे न देणारी झाडे तोडण्याची मुभा पुढच्याच वचनात आहे, हेही सांगायला हवे.) ही दया शत्रूच्या झाडांवर! आपण मात्र रस्ता रुंद करायचा म्हटला की आधी वड-पिंपळांकडेच पाहतो.

रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा सुमारे 400 वर्षांचा वड येत होता. 2020 मध्ये गावकरी व वृक्षप्रेमींनी आवाज उठवला. रस्त्याची आखणी बदलली, झाड तेव्हा वाचले.

शहरांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि झाडावर नोटीस लावावी लागते, त्यावर नागरिकांना हरकत घेता येते. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे वा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते. ते तोडलेच तर वयाइतकी रोपे लावायची. पण 80 रोपांची सावली आपल्यापैकी किती जण पाहणार?

नोटीस लहान असते. मिस्सेला येता-जाता बुंध्यांकडे नजर टाकावी. हरकत मुदतीत, लेखी द्यावी आणि पोच घ्यायला विसरू नये.