पाणतीराची चाचणी आणि आपली घटक चाचणी



आमच्या जयसिंगपूरच्या मुलांना पाणी म्हणजे कृष्णा, पंचगंगा आणि महापूर. समुद्र बघितलेली मुलं वर्गात मोजकीच. पाचवीत ‘आवाज’ शिकवताना पाणबुडीचा विषय निघाला आणि ‘पाणतीराची चाचणी’ असा शब्द मी सहज वापरला. लगेच एकाने विचारलं, “सर, नापास झाला तर काय करत्यात ओ?”

हा मुलगा चुकेल या भीतीने घटक चाचणीचा पेपर कोराच देतो. म्हणून मी धडा तिथेच थांबवला.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी १ मे २०१६ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनीच, पहिल्यांदा चाचणीसाठी समुद्रात गेली. मार्च २०१७ मध्ये तिच्यावरून क्षेपणास्त्र डागून पाहिलं, मे महिन्यात पाणतीर. नौदलात ती दाखल झाली १४ डिसेंबर २०१७ ला. दीड वर्षाहून जास्त काळ नुसतं तपासणं चाललं होतं!

पाणतीर म्हणजे टॉर्पेडो. विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेने बनवलेला ‘वरुणास्त्र’ सुमारे दीड टन वजनाचा आहे. सरावाच्या पाणतीरात स्फोटकांच्या जागी नोंदी घेणारी उपकरणं बसवतात. धाव संपली की तो वर येऊन तरंगतो, बोटीने उचलून आणतात आणि तो कुठे वळला, किती खोल गेला, लक्ष्याचा आवाज त्याने कधी पकडला हे वाचतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेत ३४०. (बादलीत पाणी भरून आत दोन दगड आपटा आणि मुलांना बादलीला कान लावायला सांगा. वर्ग एकदम शांत होतो, स्वानुभव!)

हे शस्त्र आहे, हेही मी लपवलं नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वर्गात कुणी बोललं नाही.

मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: “नापास नाही करत रे. उचलून आणतात आणि कुठं चुकलं ते बघतात.”

पुढची गणिताची चाचणी मी गुण न देता परत दिली. त्याच्या पेपरवर या वेळी तीन उदाहरणं होती, त्यातली दोन चुकलेली. हातचा कुठे विसरला, ते त्यानेच मला बोट ठेवून दाखवलं.