बावीस मिनिटांचं मूलद्रव्य

शिक्षक मित्रांनो, पालकहो, "जे टिकतच नाही ते अभ्यासायचं कसं?" असं मुलांनी विचारलं तर फ्रान्सियमची गोष्ट सांगा.

हे मूलद्रव्य १९३९ मध्ये पॅरिसला मार्गेरीत पेरे यांनी शोधलं. त्याच्या सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचाही अर्धायुकाल फक्त २२ मिनिटं! म्हणजे तेवढ्या वेळात निम्मे अणू संपतात. बाटलीत साठवणार कसं?

मग १९७८ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, ताज्या तयार झालेल्या अणूंवरच लेसर सोडला. त्याचा रंग किंचित बदलत नेला. एका नेमक्या रंगाचा प्रकाश अणूंनी शोषला. न्यूट्रॉन कमी-जास्त झाले, की हा रंग अगदी जरासा सरकतो. त्या सरकण्यावरून अणुकेंद्रकाचं आकारमान किती बदललं, ते कळतं.

मोजपट्टी न लावताही मोजता येतं, हे मुलांना जरूर सांगा.