दहा वर्षांचे कलम

चि. भाच्यास,

‘आरक्षण फक्त दहा वर्षांसाठीच होते’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून प्रचारसभेपर्यंत कुठेही कानावर पडते. त्यावर वाद घालण्याआधी एवढेच विचारावे : कोणते कलम? दहा वर्षांची मुदत राज्यघटनेच्या कलम ३३४ मध्ये होती, आणि ती लोकसभा व विधानसभांतल्या राखीव जागांपुरती होती. ती वेळोवेळी वाढवत नेली गेली. २०१९ मध्ये संमत झालेल्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत गेली. नोकऱ्यांतले आरक्षण कलम १६(४) वर उभे आहे. शिक्षणासाठीचे १५(४) हे पोटकलम १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने आले. या दोन्हींत मुदतीचा उल्लेखही नाही. म्हणजे खरी मुदत उचलून भलत्याच कलमाला चिकटवलेली. असले अर्धसत्य निखळ खोट्यापेक्षा चिवट असते, कारण बोलणाऱ्याच्या हाती दाखवायला थोडा पुरावा असतोच.

आरक्षणाने गुणवत्ता मारली जाते, हा युक्तिवाद याहून जुना. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. हा मक्ता कोणत्याही हुकुमात लिहिलेला नव्हता, म्हणून तो कोणाला राखीव वाटला नाही. महाराज इंग्लंडमध्ये असताना २६ जुलै १९०२ रोजी जाहीरनामा निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायच्या ठरल्या. मिळालेला लाभ कागदावर आला की तो सवलत ठरतो, वारशाने आलेला मात्र कर्तबगारी म्हणून खपतो.

आजही गुणपत्रिकेवर टक्के छापले जातात. अभ्यासाची वेगळी खोली, क्लासची फी, अडलेले गणित समजावून देणारे वडील यांचा रकाना तिच्यात नसतो. परीक्षेच्या गुणांत सामाजिक-आर्थिक लाभ दिसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशांच्या प्रकरणात म्हटले. भरमसाट फी भरून कमी गुणांवर मिळणाऱ्या व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाबद्दल मात्र गुणवत्तेचे कैवारी फारसे तावातावाने बोलत नाहीत.

दिशाभूल एकाच बाजूला असते असेही नाही. आरक्षणाचे निकष विचारणाऱ्या प्रत्येकाला जातीयवादी ठरवणे ही पळवाटच. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने इतर मागासवर्गांतला उन्नत गट वगळायला सांगितले. त्याची चर्चा करणे म्हणजे आरक्षणाला विरोध नव्हे. त्याच निकालाने अपवादात्मक परिस्थिती वगळता ५० टक्क्यांची मर्यादा घातली. ती ओलांडणारा महाराष्ट्राचा मराठा आरक्षण कायदा ५ मे २०२१ रोजी न्यायालयात टिकला नाही. तरी निवडणूक आली की ‘टिकणारे आरक्षण देऊ’ ही घोषणा होतेच. ते कोणत्या आकडेवारीवर टिकणार, एवढे विचारले की वक्ता सहसा पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

— मामा