समास दाखवा, पाठ दाखवा

जपानी लाकडी ठशांची निसर्गचित्रं जमवायची हौस असेल, तर काचेआडचं चित्र घेऊ नका. विकणारा कितीही भला वाटो, "फ्रेममधून काढून समास दाखवा, पाठ दाखवा" असं म्हणायला लाजू नये.

हिरोशी योशिदांचं (१८७६–१९५०) होड्यांचं चित्र मी परदेशातल्या एका लिलावातून घेतलं. १९२६ सालच्या या चित्रांत योशिदांनी त्याच ठशांवर रंग बदलून सकाळ, धुकं, संध्याकाळ, रात्र अशा वेळा छापल्या, माझं सकाळचं. खाली पेन्सिलीची सही, वर्णनातही 'सहीसह'. फोटो मात्र फ्रेमसकट. माउंटने डावा समास झाकलेला, आणि गोम नेमकी तिथेच. योशिदा स्वतःच्या देखरेखीखाली जे छापून घेत, त्यावर सहसा डाव्या समासात 'जिझुरी' हा दोन अक्षरी शिक्का असे. माउंट उचलला, तर समास कोरा. सही भिंगाखाली धरली. शिशाची चमक नाही, दाबाची खूण नाही, रेघ इथून तिथून सारखी. सहीही छापलेली! म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर जुन्या ठशांवरून काढलेली प्रत. ती बनावट नव्हे, दिसायलाही देखणी आहे. पण पैसे हयातीतल्या प्रतीचे गेले होते. विक्रेत्याचं उत्तर एवढंच, की वर्णनात साल छापल्याचं लिहिलेलं नाही, चित्राचं आहे.

शिक्का दिसला म्हणून हुरळूनही जाऊ नये. हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराच्या, जपानमधल्या तोकाइदो मार्गावरच्या गाजलेल्या चित्रांवर 'किवामे' हा तपासनिसाचा शिक्का असतो. १८४२ पर्यंत तो चालू होता. पण विसाव्या शतकात नवे ठसे कोरून छापलेल्या प्रतींवर चित्रासोबत तो शिक्काही कोरलेला आहे. या प्रती नव्या म्हणूनच विकल्या गेल्या, त्यात गैर काही नाही. चार हात फिरल्यावर त्यांचं वय वाढतं.

म्हणून पाठ बघायची. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा हा कागद किंचित ओला करून ठशावर ठेवतात आणि मागून 'बारेन' नावाच्या चकतीने घासतात. रंग आत मुरतो, पाठीवर चित्र पुसट उमटतं, तिरप्या उजेडात घासल्याच्या गोलसर रेघाही सापडतात. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले, की तो ऑफसेटचा कागद, विषय संपला. पाठ पुठ्ठ्याला चिकटवलेली असेल तर मी तरी नाद सोडतो. समास कापलेले असतील तर भाव पाडूनच बोला.

आता घरचं. जुन्या वनस्पतिजन्य रंगांना उजेड सोसत नाही, आणि उडालेला रंग परत येत नाही; वर्षभर भिंतीवर टांगू नका. फ्रेमवाला सवयीने मागे हार्डबोर्ड लावून सेलोटेप मारतो आणि काही वर्षांत तपकिरी डाग कागदावर उतरतात. आम्लविरहित बोर्ड आपणच नेऊन द्यावा, काम होईपर्यंत दुकानात थांबावं. पावसाळ्यात बुरशी आणि कसर, दोन्हींवर लक्ष हवं. पाऊस सरला की दिवाळीच्या आधी मी सगळी चित्रं सावलीत वारा द्यायला काढतो.

पहिलंच चित्र घेणार असाल तर हिरोशिगेच्या मागे लागण्यापेक्षा कावासे हासुईकडे (१८८३–१९५७) वळा. १९२३ च्या भूकंपात त्यांच्या प्रकाशकाचे, वातानाबेंचे, ठसे जळाले; त्याआधीच्या प्रती आपल्या खिशाबाहेरच्या. युद्धानंतरच्या प्रती त्या मानाने आवाक्यात असतात. त्यांवरचा वातानाबेंचा शिक्का काळानुसार बदलत गेला आणि त्याचे छापील तक्ते मिळतात. तो तक्ता समोर ठेवूनच घासाघीस करा.