दासी, बटीक आणि मोलकरीण

मेहकराकडील एका सप्ताहात जनाबाईचे आख्यान झाल्यावर एका बाईने आम्हांस विचारले, "महाराज, जनाई म्हणजे मोलकरीणच ना?" प्रश्न साधा, पण शब्दांत शिरल्यावाचून उत्तर देता येत नाही. म्हणून हा पाठ.

संस्कृतात दासी, चेटी, परिचारिका, धात्री, सैरंध्री असे पुष्कळ शब्द आहेत. ते सारे एकाच अर्थाचे नव्हेत. दासी ही धन्याच्या मालकीची. मनूने दासांचे सात प्रकार मोजले आहेत. त्यांत युद्धात जिंकून आणलेला, विकत घेतलेला, घरच्या दासीपोटी जन्मलेला हेही येतात. धात्री ती मूल पाजणारी, सांभाळणारी. (याच कामाचा 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला.) सैरंध्रीची गोष्ट मात्र निराळी. अमरकोश सांगतो, ती राहते परक्याच्या घरी, पण असते स्वाधीन, आणि तिच्या हातात कला असते. द्रौपदी विराटाघरी वर्षभर राहिली ती सैरंध्री होऊन. वेणीफणी करीन, उटी लावीन, हार गुंफीन. पण उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही. बघा, अज्ञातवासातसुद्धा आधी अटी, मग चाकरी! दासीस अशी अट घालता येते काय?

आता मराठीकडे येऊ. बटीक म्हणजे विकत घेतलेली किंवा पिढीजात दासी. 'बटकीचा' ही शिवी तिथूनच आली. राबली आई, शिवी खाल्ली पोराने. पेशवाईच्या कागदांत याच अर्थी 'कुणबीण' शब्द येतो, आणि त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. आमच्या बुलढाण्याकडे कुणबीण म्हणजे कुणब्याघरची बाई, दुसरे काही नाही. तेव्हा जुने कागद वाचताना घोटाळा होऊ देऊ नये. पुढे १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार गेला. वऱ्हाड त्या वेळी निजामाकडे होता, तो १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात आला.

मोलकरीण हा शब्द फोडून पाहा. मोल घेऊन काम करणारा तो मोलकरी, त्याचे स्त्रीलिंग मोलकरीण. मोल बटकीलाही होतेच! पण ते तिच्या देहाचे होते, आणि घेणारा तिसराच. मोलकरणीचे मोल तिच्या कामाचे, आणि ते तिच्या पदरात पडायचे. सारा भेद या एका मोलात आहे.

मग जनाई कोण? गंगाखेडची ही पोर बापाने लहानपणीच पंढरीस दामाशेटींच्या घरी ठेवली, अशी परंपरा आहे. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी सगळे तिच्याकडे. मोल ठरल्याचे कोठे ऐकिवात नाही. म्हणजे ती मोलकरीण नव्हे. ती स्वतःला नामयाची दासी म्हणविते. पण दुसऱ्याने दासी म्हणणे वेगळे आणि आपण होऊन म्हणविणे वेगळे. ज्यांच्या गादीवर आम्ही कीर्तनास उभे राहतो ते नारद पूर्वजन्मी दासीपुत्र होते, हे भागवतात ते स्वतःच व्यासांना सांगतात. तिथे त्या आईचे नाव नाही; 'दासी' एवढेच. जनाईने त्याच शब्दापुढे आपले नाव घातले, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूस विठ्ठलाला बसविले. मालकाचा मालकच दळू लागला, तिथे दासी कोणाला म्हणावे?

पण हा दृष्टांत घरातल्या कामाच्या बाईला ऐकवून तिचा पगार थकविणारे यजमान आम्ही पाहिले आहेत. आळवावे जनाईला आणि वागवावे बटकीसारखे, हे कुठले शास्त्र? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. 'घरेलू' हा हिंदी शब्द आमच्या कानाला खटकतो, घरकामगार चालले असते. पण त्यात 'कामगार' आले हे बरे झाले. चिखली-मेहकराकडे धुणेवाली, भांडेवाली म्हणतात, शहाणी घरे 'मावशी' म्हणतात. हाक गोड आहे खरी. मात्र महिन्याची एक तारीख आली की कित्येकांना ही मावशी घरचीच वाटू लागते, आणि घरच्या माणसाला कोणी पैसे मोजून देतो काय?